गिरीशला इथेच ठेवलं

—नाही रे, आज नाहीच येणार. फोनवर बोट अजून ‘रिव्ह्यू’मध्ये, म्हणजे ठरायची आहे असं दिसत असेल, पण त्यावर जाऊ नकोस, खिडकीतून बघ ना – धक्क्यावरून पाणी उडून पार त्या गाड्यांवर पडतंय, अशात बोट लागत नाही. उद्याही नाही. परवाचं परवा बघू. तू बस तिथे हीटरपाशी, जॅकेट काढ, ओलं झालंय सगळं. चहा दूध घालून ना? आलं नाहीये, वेलची आहे. ब्रिस्टलचा म्हणालास – म्हणजे नोकरी तिथे, मूळचा नागपूरचा – सुयश, हो, सांगितलंस मघाशी. मी वरदा. इथे वॉर्डा म्हणतात, आता मीही फोन उचलून वॉर्डाच म्हणते. मराठी बोलून किती दिवस झाले कोण जाणे, शब्द शोधावे लागतायत. मुलगी आहे ना एडिनबरात, अन्वी, हॉस्पिटलात फिजिओ आहे, पण ती इंग्लिशमध्येच बोलते. बोलते तेव्हा.

इथे कसे आलो? सगळेच विचारतात ते. गिरीश – माझा नवरा – एडिनबरात बँकेत होता, मीही एका ऑफिसात होते, चांगलं चाललं होतं. मग पन्नाशीला याला काय झालं माहीत नाही, पेपरात जाहिरात आली, बेटावरचं दुकान चालवायला जोडपं हवंय, वर राहायला जागा – आणि हा रोज तेच, रोज तेच. मला वाटलं, एका हिवाळ्यात कंटाळेल. नाही कंटाळला. इथले लोक याला गॅरी म्हणायचे आणि हा ओ द्यायचा. उन्हाळ्यात छान असतं, खोटं कशाला बोलू, तू चुकीच्या वेळी आलास. सप्टेंबर संपला की वारा सुरू होतो, तो सुरूच. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, कचऱ्याचे डबे दोरीने बांधायचे, लाइट जाते म्हणून ज्याच्या फ्रीझरमध्ये जे असेल ते शिजवून एकमेकांकडे पोचवायचं. म्हातारी माणसं एकेकटी राहतात, त्यांच्याकडे दिवसातून एकदा डोकावायचं, गोळ्या आहेत का बघायचं. गिरीशला आवडायचं ते सगळं. टॉर्च घेऊन निघायचा, जसं काही गणपतीत घरोघरी आरतीला चाललाय.

तो फोटो? हो, तोच. नाहीये आता. गेल्या वर्षी गेला, याच दिवसांत. सॉरी कशाला म्हणतोस, तुला काय माहीत. चहा घे. सकाळची वेळ होती, मागे स्टोअरमध्ये दुधाचे क्रेट लावत होता, आणि एका क्रेटवर बसला. मी दारातून बघितलं, वाटलं बुटाची लेस बांधतोय. नर्स दोन घरं सोडून राहते, ती लगेच आली, तिने खूप केलं, घामाघूम झाली बिचारी. हेलिकॉप्टर निघालं आणि वाऱ्यामुळे परत फिरलं. पोचलं असतं तरी फरक पडला नसता, असं ती म्हणाली. असेल.

मग पुढचं. बेटावर दहन होत नाही रे, त्यासाठी पलीकडे न्यायला लागतं, आणि न्यायला बोट नाही. चर्चच्या मागे एक थंड खोली आहे, तिथे ठेवलं त्याला. लंडनजवळ पिनरला माझे दीर असतात, पद्माकरभावजी, त्यांचा फोन – वहिनी, काही करू नका, थांबा, आपण इकडे आणू, रीतसर करू. अन्वी म्हणे मी निघाले, ती ओबानपर्यंत, पलीकडच्या बंदरापर्यंत आली आणि तिथेच हॉटेलात अडकली. एक वादळ संपेना तर दुसरं, त्यांना नावं देतात ना हल्ली माणसांची. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. रोज उद्या. मी दुकान उघडत होते. उघडणार नाही तर काय करू, लोकांना मेणबत्त्या लागतात, बॅटऱ्या लागतात. लोक यायचे, माझा हात धरायचे, मग मेणबत्त्या मागायचे. मला बरं वाटायचं मेणबत्त्या मागितल्या की.

आणि मग कॅलम आला. मासेमारी करतो, याचा दोस्त. टोपी हातात घेऊन इथेच उभा होता, तू बसलायस ना, तिथे. म्हणाला, वॉर्डा, पहाटे वारा जरासा पडेल, मी माझ्या बोटीने नेतो त्याला. त्याची बायको मोराग त्याच्या मागे दाराशी. ती हातमोजे काढत होती आणि परत घालत होती. मी त्याला विचारलं, ‘जाऊन परत येता येईल?’

‘जाता येईल,’ म्हणाला.

एवढंच. मी म्हटलं, नको. म्हटलं, इथेच ठेवू त्याला. मोराग तशीच बाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, मला काचेतून दिसत होतं. भावजींना फोन केला. ते म्हणाले, ‘वहिनी, आपल्यात पुरत नाहीत.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे मला.’ फोन ठेवला त्यांनी. तेव्हापासून बोलले नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, सख्खा भाऊ होता. अन्वी रडली. म्हणाली, तुला काय करायचं ते कर.

शाळेच्या शेडसाठी फळ्या आल्या होत्या, त्याची पेटी केली. टेकडीवर भर पावसात खणलं पोरांनी, खाली दगड लागला, तरी खणलं. नेताना खांदा बदलत नेतात इथे, अगदी आपल्यासारखं, सगळ्यांचा हात लागला पाहिजे. पूर्वी बायका कबरीपर्यंत जायच्या नाहीत म्हणे – तेही आपल्यासारखंच. पण पेटी खाली सोडायला दोऱ्या असतात ना, त्यातली डोक्याकडची सगळ्यात जवळच्या माणसाची असते. कॅलमने ती माझ्या हातात दिली. मिनिस्टरने, म्हणजे इथल्या चर्चच्या पाद्र्याने, आदल्या दिवशी विचारलं होतं, तुमचं काही म्हणायचं असतं का. मला काही येत नव्हतं. म्हणून त्यानेही पुस्तक उघडलं नाही, नुसता उभा राहिला, टोपी काढून, पावसात. जड होती रे ती दोरी. हात सोलले. बाकी मला काही – म्हणजे वाटायला हवं होतं तसं काही वाटलं नाही. अजून नाही वाटत. नर्स म्हणते येईल, वेळ लागतो. बघू.

अन्वी नंतर आली, बोटी सुरू झाल्यावर. टेकडीवर जाऊन आली, म्हणाली, बाबाला किती गार लागत असेल. मग मला म्हणाली, आई, चल आता माझ्याकडे, इथे काय ठेवलंय. मी म्हटलं, बघू. अजून बघूच म्हणते. गंमत म्हणजे त्या बोटीचं तिकीट तर माझंच – काही नाही. सोड. अजून चहा हवाय?

नाही, काही लपवत नाहीये. बोललेच आता अर्धं, तर ऐक. मी जाणार होते. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीच्या बोटीने, अन्वीकडे, कायमची. भांडण नाही, काही नाही. मला तो वारा सहन होत नव्हता, आणि त्याला त्याशिवाय करमत नव्हतं, एवढंच. अन्वीला वाटत होतं, आठवडाभर राहायला येतेय. त्याला माहीत होतं. हो ना, माहीत होतं, त्यानेच बॅग गाडीत ठेवली. धक्क्यावर आम्ही गाडीत बसून होतो, वायपर चालू. बोट आली, जवळ आली, दोनदा प्रयत्न केला, आणि वळली. तो म्हणाला, ‘पुढची कधी?’ मी म्हटलं, ‘कळवतील.’ घरी आलो, बॅग त्यानेच वर नेली, खिचडी टाकली, पापड भाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रेटवर बसला.

खूश झाला होता का, बोट गेली म्हणून? कसं सांगू. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी बोटीकडे बघत होते, दिसेनाशी होईपर्यंत.

कप राहू दे तिथेच, मी विसळते. गेस्टहाउसला लवकर जेवायला वाढतात इथे, तू नीघ. दार दोन्ही हातांनी ओढ.