आफीच्या हातचं पानी

लिहून घे पोरी, पन कोनाले दाखवशीन ते पह्यले सांग. मी वर्ध्याकडची, जल्मापासून संशयी नोती, पान्यानं केली मले तशी. आमी बौद्ध झालो, पन गावची विहीर जुनीच, काय सांगू तुले, आमाले पानी वरून वतत, ओंजळीत, अन् हाटेलात आमचा कप येगळा. तवापासून कोनी पानी पुढं केलं का मी आधी त्याचा हात पाह्यते.

आता म्हातारपनी इथं जर्मनीत आली, र्युसेल्सहाइमले, लेक अन् सून दोघंबी नोकरीवर, नात मैत्री चार वर्साची, तिले खालच्या मजल्यावरची आफी सांभायते. आफी आफ्रिकेतल्या टोगो देशाची, डोंगरातली. तिची भाषा आकेबू, सून म्हने आई, लई थोडे लोकं बोलतात, इथं तर ती एकटीच. मंग एकटी बोलते कोनासंग? तर माह्या नातीसंग! मले नाही पटलं. पोरीले मी मराठीत हाक मारली का ती जर्मनमधी उत्तर देते, अन् ह्या बाईचं मात्र घडाघडा बोलते, काय शिकोते कोन जाने.

एक दिवस मीच गेली पोरीले आनाले. आफीनं बसवलं, गिलास आनला, माह्यासमोर सोता घोट घेतला, काहीतरी पुटपुटली, अन् तोच गिलास माह्या हातात. उष्टं पानी! अंगाची आग झाली माह्या. सातासमुद्रापार येऊनबी हेच का? गिलास तसाच ठेवला, पोरीले उचललं अन् निंगाली. घरी सांगितलं, उद्यापासून पोरगी तिकडं जानार नाही.

मैत्री लई रडली. मंग गपचूप गिलास घेऊन आली, आधी सोता पेली, तेच पुटपुटली, अन् मले देला. सुनेनं विचारलं हे काय व, तर पोरगी जर्मनमधी सांगत सुटली. सून म्हने आई, आफीच्या लोकायत पाव्हन्याच्या आधी घरधनीन पेते, म्हंजे पान्यात इख नाही, भेऊ नोको.

आमी शिवलेलं पानी लोकायनं फेकलं पोरी, पन आमचं भेव जावं म्हनून आधी कोनी पेलं नोतं. रडूच आलं मले.

आता पोरगी जाते, मीबी जाते. आफीची भाषा जगो माय, माह्या नातीच्या तोंडी का होईना. पन खोटं काहून सांगू, ती घोट घेते तवा तो गळ्याखाली उतरला का, ते अजूनबी पाह्यते मी. उतरला का मंग गिलास रिकामा करते.