शिकागोचा पत्ता

(इंचॉन विमानतळ, सकाळची वेळ. दक्षिणेकडच्या, पुलानं जोडलेल्या वान्दो बेटावरून आलेले क्वाक आपल्या मुलाशी, इन-ग्युशी, फोनवर बोलताहेत.)

क्वाक : अरे, ओरडतोस कशाला? विमानतळावरूनच बोलतोय म्हटलं ना! पत्ता सांग तुझा. काउंटरवरची पोरगी विचारतेय, शिकागोत उतरणार कुठं.

इन-ग्यु : बाबा, असं न कळवता...

क्वाक : कळवलं असतं तर नको म्हणाला असतास. सहा वर्षं नकोच म्हणतोयस. व्हिडिओ लाव म्हटलं की तुझं नेट बंद. थेट विमान आहे, तेरा तासांत तिथं. घरचं समुद्रशेवाळ घेतलंय वाळवलेलं, सूपाला. थांब गं पोरी, सांगतोय तो. हं, बोल.

इन-ग्यु : मागच्यांना पुढं जाऊ द्या. तुम्ही जरा बाजूला बसा.

क्वाक : बसलो. झोपेत आहेस का? तिकडं कालची संध्याकाळ असेल ना आत्ता?

इन-ग्यु : इथंही सकाळच आहे, बाबा. मी बुचॉनला आहे.

क्वाक : बुचॉनला? इकडं कधी आलास?

इन-ग्यु : गेलोच नव्हतो. व्हिसा नाकारला. तोवर गावानं मेजवानी दिली होती, वेशीवर माझ्या नावाचा फलक लावला होता. कुठल्या तोंडानं परत येणार? गोदामात खोकी उचलतो इथं.

क्वाक : आई गेली तेव्हा कुठं होतास?

इन-ग्यु : इथंच.

क्वाक : बुचॉनहून आपल्याकडं बसनं पाच तास.

इन-ग्यु : हो.

क्वाक : तीन दिवस ठेवलं होतं तिला. येईल तो विचारायचा, पोरगा कुठाय. मी एकेकाला समजावत होतो, साडेदहा हजार किलोमीटर आहे, तेरा तास नुसते विमानात, तिकीट मिळत नाही, काय करेल बिचारा. तुझ्या मामानं तोंड वाकडं केलं, तर त्याच्या अंगावर धावून गेलो मी.

इन-ग्यु : आलो होतो, बाबा. दुसऱ्या दिवशी, आपल्या बसस्टँडपर्यंत. तिथं मामाच उभे, पाहुण्यांना घ्यायला. शिकागोबद्दल काही विचारलं असतं, तर एक शब्द सांगता आला नसता मला. परतीच्या बसमध्ये जाऊन बसलो.

क्वाक : तिथून चालत आला असतास तरी दिसली असती रे ती.

इन-ग्यु : माहीत आहे.

क्वाक : माहीत आहे म्हणे.

इन-ग्यु : बाबा, शिव्या द्या हव्या तर.

क्वाक : शिव्या कसल्या देऊ? काल मीच गावभर छाती काढून फिरलो, अमेरिकेला चाललो म्हणून. त्याच मामाच्या दारात मुद्दाम थांबलो. आता जाऊ कुठं?

इन-ग्यु : माझ्याकडे चला. खोली लहान आहे. खिडकी नाही.

क्वाक : आणि घरी गेल्यावर काय सांगू? शिकागोला थंडी फार होती?

इन-ग्यु : तुम्ही काहीच सांगू नका. मी येतो बरोबर. मीच सांगतो, मामांनाही.

क्वाक : जमेल?

इन-ग्यु : काय माहीत.

क्वाक : आधी आईकडं जायचं, डोंगरावर, तिच्या थडग्यापाशी. बाकीचे मागाहून.

इन-ग्यु : हो. मी निघालोच, अर्ध्या तासात पोचतो. बाबा... ओळखाल ना मला? वाळलोय, केसही गेलेत.

क्वाक : ओळखीन. तू फक्त मान वर करून ये.