संपलेले मैल

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी कोलंबसला निघालेल्या बसमध्ये डोरीन डोळे मिटून बसली होती. पण कान कुठे मिटता येतात? पुढच्याच सीटवर दोन म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या, आयडेला आणि व्हर्ना. व्हर्नाच्या मांडीवर केकचा डबा होता.

“अगं व्हर्ना, लेकाच्या दारात नवीकोरी गाडी, आणि तू बसने?”

“त्याचे मैल संपले.”

“मैल संपतात होय? पेट्रोल संपतं एवढं ठाऊक आहे मला.”

“लीजची गाडी आहे बाई. तीन वर्षं वापरायची नि परत द्यायची. वर्षाला किती मैल पळवायची तेही त्यांनीच ठरवलेलं. त्यापुढे मैलामैलाला दंड.”

“सही घेताना सांगितलं नाही?”

“सांगितलं असेल. हा तेव्हा छताची काच उघडून आभाळ बघत होता.”

“धन्य आहे!”

“डाग पडला तर वेगळे पैसे. पोरांना गाडीत पाणीसुद्धा पिऊ देत नाही. मला तर मागे बूट काढून बसवलं होतं.”

“बरं, स्टँडवर तरी घ्यायला येणार ना?”

“येणार की. चालत.”

“पण तुझ्याकडे तर तो ईस्टरपासून फिरकला नाही. मग वर्षाचे मैल गेले कुठे?”

व्हर्नाने डब्याचं घट्ट झाकण पुन्हा एकदा दाबलं.

“त्याची सासू फ्लोरिडाला राहते.”