खोडलेली ओळ

नाही क्षिप्राताई, असा कागद मी घेणार नाही — मदत मंजूर, आणि माझ्या अर्जातली एवढी एकच ओळ खोडलेली? कुणी खोडली, अध्यक्षांनी स्वतः? बसा ना, इथे ब्लॉकखाली, या मोकळ्या तळमजल्यावर, वारा असतो, वर आमच्या मॅडमची मीटिंग चाललीय. पंधरा दिवसांनी माझं वर्क परमिट संपतं. वीस वर्षं इथे परदेशात दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, गुडघे गेले, आता कोण ठेवणार? म्हणून तर इथल्या मराठी लोकांच्या तुमच्या मदतनिधीकडे मदत मागितली — खोटं कशाला बोलू, म्हणून नाही मागितली. अध्यक्षांचं नाव वाचलं, फोटो बघितला, म्हणून मागितली.

पती कशाने वारले, असं विचारलंय ना त्यात? मी खरं तेच लिहिलं. श्रीलंकेत त्यांची आपापसात लढाई चालली होती, आपली फौज गेली होती, तिथे आमचे हे जखमी झाले आणि कॅप्टन प्रबोध त्यांना विहिरीपाशी टाकून निघून आले. तेच हे प्रबोध, तुमचे अध्यक्ष. वर काय कळवलं त्यांनी? शिपाई सर्जेराव पळून गेला. मग पेन्शन कुठली? वीस वर्षांची होते मी. सासऱ्यांनी ह्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. पुढे कितीतरी वर्षांनी ह्यांच्या तुकडीतल्या हवालदारांनी अंथरुणावरून मला बोलावून घेतलं — सर्जेराव हाका मारत होता, म्हणाले, पण साहेबांनी थांबू दिलं नाही.

गेल्या रविवारी मी गेले होते साहेबांच्या घरी, तिकडे पासिर रिस भागात. सांगितलं नाही तुम्हाला? कसे सांगतील. ओळखलं नाही त्यांनी. मी म्हटलं, विहिरीपाशी हाका मारत होता ना, त्याची बायको. हातातला चहा सांडला सगळा. बरं वाटलं मला, ताई. फार बरं वाटलं. म्हणाले, काय हवं ते देतो. मी म्हटलं, त्या ओळीखाली सही द्या, दुसरं काही नको.

त्यावर हे पाठवलं त्यांनी.

आजारी आहेत? असू देत. म्हातारे झालेत — आमचे हे झालेच नाहीत म्हातारे. काय म्हणता? कदाचित खरंच पळाले असतील?

ताई, तीच आस धरून होते हो मी. हवालदार बोलले त्या दिवसापर्यंत. पळाले असतील, तिकडेच कुठे दुसरी बायको करून राहिले असतील, पोरंबाळं असतील — असू देत, म्हणायचे मी, जिवंत आहेत ना. गावाचं सगळं ऐकून घेतलं ते त्या आशेवरच. आणि मग कळलं, की पहिल्या दिवसापासून ते नव्हतेच —

नको, पाणी नको.

कोरा फॉर्म आहे ना पिशवीत? द्या इकडे. तीच ओळ परत लिहिते. अध्यक्षांनी खोडली की पुन्हा लिहीन, आणि या वेळी कमिटीतल्या एकेकाला पाठवीन. बघू, त्यांचा हात आधी दमतो की माझा.

आता या तुम्ही. मला वर भात लावायचाय.