चुकीची अळी

—आणि ताक आंबटच हवं, हे तुझ्या सासूला नीट सांग. ताजं चालत नाही. चांगलं ठेवलेलं, नाक मुरडावं असं, आणि मग वाटीभर ताकाला तांब्या-दोन तांबे पाणी — गाळून घ्यायचं, नाहीतर फवाऱ्याचं तोंड बुजतं आणि आपण सुई घेऊन बसतो. भोपळ्याच्या पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसतंय म्हणालीस ना, ती भुरी. ताकाने आटोक्यात येते. पण पानाच्या खालच्या बाजूनेही मारायचं हं. खाली वाकून कोणी मारत नाही, आणि भानगड सगळी खालीच असते. तुझी सासू तर वरूनच मारत असणार — तिला सगळं वरून छान दिसलं की झालं. बस ना, उभी का? स्टुलाचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकून बस म्हणजे डुगडुगत नाही. आणि फाटकातून येताना हाका मारत येऊ नकोस गं, परकी असल्यासारखी. थोरल्या जावेची सून म्हणजे माझीही सूनच की तू. दोघे सख्खे भाऊ, शेजारी शेजारी दोन घरं, मधे एक कुंपण. बास. एवढंच अंतर आहे.

डबीत काय आणलंयस? बघू. झाकण हळू — पळत नाही ती, पण पडली तर सापडणार नाही मला, माझा चष्मा आत राहिलाय. अगंबाई. ही होय. हो हो, हीच ती. काळी, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके — मगरीचं पिल्लू नखाएवढं करून ठेवावं तशी. बघूनच अंगावर काटा येतो की नाही? हीच. सासूने खात्री करून आणायला सांगितलं का? सांग तिला, खात्रीच आहे. मागे कुंपणाशी येऊन तिनेच विचारलं होतं मला — धाकटे, माझ्या घेवड्यावर मावा पडलाय, बारीक बारीक हिरव्या किड्यांचा नुसता थर आहे कोवळ्या शेंड्यांवर, आणि त्यांच्यात ह्या काळ्या कोण फिरतात? मी म्हटलं, ताई, ह्याच तर माव्याच्या आया. ह्याच त्याला जन्म देतात. दिसली की चिरडा, एकही सोडू नका. ताई म्हणाली, बरं झालं बाई तू आहेस. माझ्या बागेचं नाव आहे ना आळीत, म्हणून विश्वास.

मग, मारून मारून फरक पडला का काही? नाही? वाढलाच उलट? शेंड्यांवर चिकट झालंय — मुंग्या चढतात? — पानं वळून गेली असतील मग. फुलं धरतच नाहीत? अरेरे. सगळाच्या सगळा मांडव? अरेरेरे. हसत नाहीये मी, घशात काहीतरी गेलं. पाणी देतेस का तो तांब्या? हां. वाईट वाटतं गं, किती हौसेने लावला होता तिने. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. औषध? मारण्यापेक्षा जोरदार काहीतरी पाहिजे? म्हणजे ह्या काळीसाठी फवारा? आहे की — लसूण-मिरची वाटून, साबणाचं पाणी घालून — नको पण. नको. फवारा नको, हातानेच मारा. माव्यावर काहीच मारू नका, फक्त ह्या काळीवर लक्ष ठेवा. मूळ तोडलं की बाकीचं आपोआप... काय गं? काय बघतेस? माझ्या वेलाकडे काय बघायचंय, घेवडाच तो, सगळ्यांकडे असतो तसा. उठू नकोस, स्टूल पडेल — अगं, चप्पल तरी घाल —

दिसल्या ना.

हो, त्याच. तशाच. एका पानावर किती आहेत ते मोजत बसू नकोस, पुष्कळ आहेत. आणि मावा आहे का बघ एकातरी शेंड्यावर? नाही. शेंगा बघ किती लागल्यात. आणि तो पानाच्या टोकावर बसलाय, लाल पाठ, काळे ठिपके — लहानपणी हातावर फिरवला असशील — तो ढालकिडा. ही काळी मगर म्हणजे त्याचंच पोर. आणखी थोडी वाढली की पानाला चिकटून बसेल, आणि मग तिच्यातून तो लाल निघेल. आणि दोघंही काय खातात? मावा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता मावा. असं आहे ते. मारायची नसते ही. हिला मारणारा माणूस स्वतःच्या हाताने माव्याला मांडव सजवून देतो.

अशी बघू नकोस माझ्याकडे. चुकून नाही सांगितलं. मला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. बस खाली. आता पाहिलंच आहेस तर ऐकूनच जा — तुझ्या घरात हे तुला कोणी सांगणार नाही. मला एक सून होती. म्हणजे आहे, पण इथे नाही. मी तिला लवंगी म्हणायचे, मिरचीसारखी तिखट बोलायची म्हणून. पोळी कच्ची राहिली तर कच्ची म्हणायची, पाहुण्यांसमोर. पण नजर — नजर तुझ्यासारखी. एकदा मीच ह्या काळ्या चिरडत होते, दोन बोटांत धरून, आणि तिने माझा हात धरला. सासूचा हात. म्हणाली, आई, दिसायला वाईट आहे म्हणून मारू नका, तुमच्यासाठीच राबतेय ती. मला राग आला होता तेव्हा, काय बाई हात धरते. तर हे ज्ञान माझं नाही, तिचं आहे. आणि तिनेच पाहिलं होतं की कुंपण सरकतंय.

कुंपण गं, हेच. लाकडी खांब, बुडाशी कुजतात, बदलावे लागतात. बदलायचं काम तुझ्या सासूने आपणहून अंगावर घेतलेलं — धाकटे तू कशाला त्रास घेतेस, माझा गडी येतोच आहे. आणि दर वेळी नवा खांब जुन्या खड्ड्यात जायचा नाही, थोडा अलीकडे. वीतभर. मला नाही दिसलं कधी, मी आपली पाहुणचार करत, गड्याला चहा देत. लवंगीला दिसलं. गेली सरळ आणि म्हणाली, मोठ्या आई, हा लिंबू आमच्या अंगणाच्या मधोमध होता, आता तुमच्या कुंपणाला कसा टेकला? झाडं चालायला लागली का? तोंडावर. मी शरमेने मेले. थोरली मात्र हसली. तुझी सासू चिडत नाही हे पाहिलं असशीलच तू. हसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे येऊन बसायला लागली. ह्याच स्टुलावर. धाकटे, बोलू नये पण बोलते. धाकटे, तुझी सून फोनवर आईला सांगत होती, म्हातारीच्या नावावर घर आहे तोवर काही करता येत नाही. धाकटे, पोराला ती फोडतेय. धाकटे, पोखरतेय गं तुझं घर, आतून, तुला दिसत नाही. रोज थोडं. एकदम नाही हं — रोज थोडं, गोड बोलून, डोळ्यांत पाणी आणून. आणि मी रोज संध्याकाळी लवंगीकडे बघायचे आणि मला ती पोखरतानाच दिसायची. कपाट उघडलं तरी, कडी लावली तरी.

एक दिवस दुपारी मी म्हणाले तिला. काय म्हणाले ते नाही सांगणार. दार दाखवलं, एवढं पुरे. मुलगा तिथेच उभा होता, जेवता जेवता उठलेला, हात खरकटा. त्याने हात धुतला आणि तिच्याबरोबर गेला. मला वाटलं चार दिवसांनी येतील. त्यांना मुलगी झाली तेसुद्धा मला दुसऱ्यांकडून कळलं, ती आता चालते म्हणे. आणि ते गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात थोरलीने खांब बदलले. लिंबू सबंध पलीकडे गेला. बघ ना, तिथून दिसतोय — आमच्या सासऱ्यांनी लावलेला. मी म्हटलं, ताई, हे काय? तर हसली, खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, चालायचंच गं, आता मोजायला आहे कोण?

मोजायला आहे कोण. तेव्हा कळलं मला. तिला माझी सून नको होती असं नाही, तिला फक्त बघणारं कोणी नको होतं. आणि बघणारीला तिने स्वतः हात लावलाच नाही. ते काम माझ्याच दोन बोटांनी करून घेतलं.

म्हणून. आता समजलं? मी भांडले नाही. माझं भांडण ऐकायला कोण येणार होतं, आणि आलं असतं तरी सून तर मीच काढली होती, सगळ्यांनी पाहिलेलं. मी गप्प बसले. ताई ताई करत राहिले. तिला रोपं दिली, बी दिलं, चांगलं बी. आणि ती कुंपणाशी येऊन विचारायला लागली की ह्या काळ्या कोण, तेव्हा माझ्या अंगातून गार वारं गेल्यासारखं झालं. तिने मला चुकीची अळी दाखवली होती ना? मी तिला चुकीची अळी दाखवली. बास. एका शब्दाचा फरक नाही. आणि मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ह्या खिडकीत बसते आणि तिचा मांडव काळा पडताना बघते. गोड लागतो चहा. खोटं कशाला बोलू.

काय? सासू नाही मारत? म्हणजे काय नाही मारत — तूच म्हणालीस ना मारण्यापेक्षा जोरदार पाहिजे? ...चिरडताना पिवळं पाणी निघतं, वास येतो हाताला. हो, निघतं. किळस येते म्हणून मारत नाही — मग? सुपलीत झटकून घेते. आणि? आणि कुठे टाकते?

कुंपणावरून? इकडे? माझ्या घेवड्यावर?

थांब, थांब जरा. मला हसू दे. ती — रोज सकाळी — सुपली भरून — माझ्या मांडवावर — आणि काय म्हणते टाकताना? "जा धाकटीकडे"? अगं आई गं. माझी बाग नासावी म्हणून. आणि मी इथे बसून म्हणतेय, यंदा ढालकिडे कुठून एवढे आले माझ्याकडे, यंदा नशीब काढलंय. तिचा सगळा पहारा तिने उचलून माझ्या दारात आणून टाकला, आपल्या हाताने, सुपली भरभरून. एवढं तर मी मागितलंही नव्हतं. पदर दे गं, डोळ्यांतून पाणी आलं. हसूनच आलंय.

...तिने झटकलं ते माझ्याकडे आलं. मी झटकलं ते कोणाच्या दारात गेलं असेल.

असो. तू आता काय करणार आहेस? सांगणार आहेस ना सासूला? सांगशीलच, तुझ्या तोंडावरच दिसतंय, तुला पोटात ठेवता येत नाही. सांग. मला भीती नाही, तिला कोणीतरी सांगायलाच हवंय, मला तिचं तोंड बघायचंय. म्हण, काकूंनी मुद्दाम उलटं सांगितलं. हसत हसत विचारेल, असं का बरं केलं धाकटीने? तेव्हा म्हण, काकू म्हणाल्या, ही रीत त्या तुमच्याकडूनच शिकल्या. एवढंच म्हण, आणि ती हसायची थांबते का बघ. शब्द बदलू नकोस. आणि पोरी, एक ऐक — त्या घरात जे दिसेल ते लगेच बोलू नकोस तू. खांब दिसला तरी, लिंबू दिसला तरी. ज्या बाईला दिसतं ना, तिच्याबद्दल आधी गोड बोलतात, मग रोज थोडं. तुझ्या नवऱ्याजवळ काही बोलायला लागलीय का ती? ...डबीचं झाकण काय फिरवत बसलीस? लागलीय. लागलीच असणार.

काय म्हणालीस? जरा मोठ्याने — नाही, ऐकलं मी. ऐकू येतं मला. लवंगीला हे सगळं सांगितलं का. थोरली काय म्हणाली, लिंबू गेला, मला कळलं — हे तिला सांगितलं का म्हणून विचारतेस.

नंबर आहे. बदलला नाही त्यांनी.

मांडव करपला का ते रोज बघायचं होतं ना मला, त्यातच... तू कोण विचारणारी? कालची आलेली, तुला काय करायचंय? ताकाचं सांगितलं, अळीचं सांगितलं, झालं ना काम? मग ऊठ. तुझी सासू हाक मारेल, आणि मला दोडक्याला पाणी घालायचंय, उन्हं वर आली. डबी घेऊन जा आपली. नको — डबी घेऊन जा, अळी ठेव. तिथे पानावर सोड, हळू, उलटी पडली तर सरळ कर तिला. आणि नीघ. फाटक ओढून घे.

नीघ म्हटलं ना.