ताईच्या क्वेबेकची तारीख

हसू नका, पण आमच्या ताईची कॅनडातली ट्रिप आईनं सातपाटीत बसून ठरवली, तीही तिथी बघून!

ताई तिकडेच असते. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “या शनिवार-रविवार क्वेबेकला चाललोय. जुनं शहर आहे, सगळे फ्रेंच बोलतात.”

आईनं उठून कॅलेंडर पाहिलं. “या शनवारी नको बाय, पुनव हाय. पुडच्या शनवारी जा, अष्टमीला. भांग हाय.”

आता आम्हा कोळ्यांकडे साखरपुडासुद्धा भांगावरच, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतच धरतात. तेव्हा पाण्याला ओढ नसते, होड्या बंदरात असतात. पण ताईला हसू आवरेना. “अगं, आम्ही गाडीनं जातोय! मला उधाणाचं काय?”

“तुला नाय गो. उधाणात तुजा बापूस दर्यात असतो.”

“पण बाबा कुठे येणारेत क्वेबेकला?”

आईनं कॅलेंडरवर अष्टमीला बोट ठेवलं. “येत नाय. पन तू तिथून फोन लावशील, तवा तो घरात नको?”

ताईनं हॉटेलची तारीख बदलली.

अष्टमीला बाबा दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं.