अकरा लाद्या

...नाही, आधी मला बोलू द्या, तुमचं मग ऐकते. कारण आत्ता अख्खा एक तास मी तोंड शिवल्यासारखी बसून आलेय. मी! जिच्याबद्दल आमच्या सोसायटीत म्हणतात की कल्पिता लिफ्टमध्ये भेटली तर माणूस आपला मजला विसरतो. आणि एवढी गप्प बसले कुणासाठी? मुठीत मावेल एवढ्या पाखरासाठी. अंगाने हिरवं, तोंडाने पिवळं, नाव वाटाणा. सगळी बिल्डिंग त्याला लव्हबर्ड म्हणते, खरं तर तो बजी जातीचा, पण मला काय करायचंय म्हणा.

तर हा वाटाणा शेजारच्या धोंडूकाकांचा. म्हणजे मुळात त्यांच्या नातीचा, जान्हवीचा. काकांच्या मुलाने, हर्षदने, घाटकोपरहून आणला. दुकानवाला सांगत होता जोडी न्या, पण हर्षदने मोबाईलवर वाचलं होतं, जोडी आणली की ती दोघं आपसातच रमतात, एकटा आणला की माणसाला धरून राहतो. आणला एकटा. आणि दोन महिन्यांत ह्याचीच बदली हैदराबादला! बायको अक्षता, जान्हवी, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं गेलं, मागे राहिले दोघे, एक काका आणि एक वाटाणा. आता कोणी कोणाला धरून राहायचं?

त्यात काकांचा आवाज... तुम्ही ऐकला नाहीत म्हणून. माणूस तरुणपणी मिलमध्ये होता, साचेखात्यात, जिथे शेकडो माग एकदम खडखडतात. तिथे कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. काकांनी एकट्याने स्वतःलाच विचारलं की मीठ कुठे ठेवलं, तर खाली वॉचमनला कळायचं, आज आमटी अळणी आहे. मला भिंतीपलीकडे त्यांचं बीपी, त्यांची कवळी, गावच्या घराची कौलं, सगळं घरबसल्या समजायचं. कान लावून नाही हां! नव्या टॉवरच्या भिंतीच तशा, आपण खिळा ठोकावा आणि कॅलेंडर पलीकडच्यांनी लावावं.

आणि वाटाण्याला नेमका तो आवाजच सोसायचा नाही. काकांनी नुसतं "काय रे" म्हटलं की हा पिंजऱ्यात गरगर, गरगर, मग कोपऱ्यात जाळीला लटकून धापा टाकत बसायचा. शेवटी अक्षता फोनवर म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत तो तुमच्या बोटावर बसला तर ठीक, नाहीतर दुकानवाल्याला परत देऊन टाका. उगाच भीतीने मरेल बिचारा." मला कसं कळलं? अहो, फोन स्पीकरवर होता, अख्ख्या मजल्याला कळलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून भिंत गप्प.

एक दिवस गेला, दोन गेले. मीठ नाही, बीपी नाही, कौलं नाहीत. मला जेवण जाईना. आमच्या ह्यांना म्हटलं, अहो, काकांचा आवाज नाही दोन दिवस. राजाराम आमचे कानात त्या पांढऱ्या शेंगा घालून मोबाईलवर क्रिकेट बघत होते, म्हणाले, "हो, छान झालंय." काय छान झालंय? आमटी! मी विचारलं काय आणि उत्तर काय... पण मला काय करायचंय म्हणा.

गेले वाटी घेऊन, साखर मागायला. दार लोटलेलंच होतं. बघते तर काका दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत पुतळ्यासारखे, समोर खिडकीत पिंजरा, आणि मधे अकरा लाद्या. मी मोजल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मग हातांनीच सगळं सांगितलं. साचेखात्यात कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही ना, म्हणून ती माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायची, भिंतीपलीकडून कितीदा ऐकलेलं. दोन बोटं ओठांना लावली की चहा, मनगटावर टिचकी मारली की कधी, किती वाजता. चाळीस वर्षांपूर्वीची ती बोली काकांनी ह्या पाखरासाठी बाहेर काढली होती! योजना अशी, की खुर्ची दर चार दिवसांनी एक लादी पुढे. पाखरू घाबरलं तर तिथेच थांबायचं. घाई नाही.

मी नुसते ओठ हलवून म्हटलं, ते त्यांना वाचता येतात, काका, द्या ना परत, कशाला जिवाला त्रास. तेव्हा ते अगदी श्वासाएवढ्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा इतका लहान आवाज मी पहिल्यांदा ऐकला, "गो, ह्यो पण गेलो तर मी कोणासाठी गप ऱ्हवतलंय?"

साखर न घेताच परत आले.

पण माझा स्वभाव! दिवसातून एकदा फटीतून डोकवायचेच, आज किती लाद्या उरल्या. नऊ. सात. पाच. गणपती आले तेव्हा दोनच. वाटाणा जाळीला लटकायचा थांबला होता, काकांकडे मान तिरकी करून बघायचा. मला इतका आनंद झाला की मी सुक्या बोंबलाची चटणी केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि निघाले. आणि दारात पाऊल टाकते न टाकते तोच माझ्या हातातला मोबाईल कोकलला! रिंगटोन काय, तर आरती, टाळ-झांजांसकट! मी दचकले, डबा पडला, झाकण गोल गोल फिरत गेलं थेट खिडकीखाली. वाटाणा नुसता आपटत होता जाळीवर. शेपटीचं एक पीस खाली आलं.

काकांनी मला एक शिवी द्यायची ना! मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठले, खुर्ची उचलली, नऊ लाद्या मागे चालत आले आणि दाराशी, पहिल्या लादीवर ठेवून बसले.

त्या दिवसापासून रोज चारला मी जाते. मोबाईल घरी ठेवून. उंबऱ्यावर पाट टाकून बसायचं आणि काकांची पाठ बघायची. सुरुवातीला वाटलं, पोट फुटून मरेन. पण तुम्हाला सांगते, घरी बडबडून जे होत नाही ते तिथे गप्प बसून होतं. आमच्या घरात मी बोलले तरी एकटीच असते. तिथे... जाऊ दे. मला काय करायचंय म्हणा.

मग लाद्या संपल्या. मग काकांची मूठ पिंजऱ्यात, मुठीत राळ्याचं कणीस, अर्धा अर्धा तास, हात भरून आला की दुसऱ्या हाताने धरायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा आम्ही दोघांनी खिडकीला गोधडी लावली. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी वाटाणा एक पाय टाकून, दुसरा टाकून, बोटावर चढला. मी ओरडले नाही. पदर तोंडात कोंबला.

पाडव्याला दुपारी हर्षदचा व्हिडिओ कॉल. तिकिटं मिळाली नाहीत म्हणून येणं रद्द झालेलंच होतं. फोन चिवड्याच्या डब्याला टेकवलेला, आवाज बारीक केलेला, काका समोर, बोटावर वाटाणा. अक्षता म्हणाली, "अय्या, बसला की! मग आता तुम्हीच ठेवा, बाबा." जान्हवी म्हणाली, "हो आजोबा, तुम्हालाच राहू दे. आमच्याकडे ना आता मांजर आणलंय."

काका काहीतरी बोलले. नुसते ओठ हलले. हर्षद म्हणाला, "बाबा, आवाज येत नाही, म्यूटवर आहात." म्यूट कसलं! पाखरू उडेल म्हणून माणूस आवाज काढत नव्हता. मग काकांनी मोकळ्या हाताच्या बोटाने, वाटाणा बसला होता त्या हाताच्या मनगटावर हलकी टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. कधी? कधी येणार?

मला उंबऱ्यावरून कळलं. हर्षद म्हणाला, "घड्याळ बंद पडलं का? नवीन पाठवतो, परवा घरपोच येईल." आणि फोन कट.

कट व्हायच्या आधी तोंडावर आलं होतं की ओरडून सांगावं त्या मुलाला. नाही ओरडले. वाटाणा बोटावर होता ना.

काकांनी माझ्याकडे वळून दोन बोटं ओठांना लावली, चहा. मी अलगद उठले, मांजराच्या पावलांनी एक लादी टाकली, दुसरी टाकली आणि... फुर्र! हा जाऊन बसला पिंजऱ्याच्या टोकावर, माझ्याकडे बघत धापा टाकत. काका हसले. मग हाताने खूण केली, आधी मला, मग खुर्चीला, मग दाराला.

म्हणून आज मी पहिल्या लादीवर बसून आले. खुर्ची आता माझी. अकरा लाद्या, चार दिवसांना एक, म्हणजे नाताळ येईल, मधे माझ्याकडून काही पडलं तर होळी. येऊ दे. नाहीतरी मला दुसरं काय करायचंय म्हणा.